हौदाची पाळी

माझं माहेर काष्टीच्या अंगाला, बाजारापासून पायी जाता येईल असलं गाव, नाव सांगून तुमाला काय कळायचं न्हाई. सडकेला लागून आमची वस्ती. वडील सडकेवर मैलकुली हुते, म्हंजे खड्डे बुजवायचे, कडंचं गवत काढायचं, झाडांच्या बुंध्यांना चुना न् गेरू लावायचा, सरकारी काम म्हनून दोन्ही टाइम चूल पेटायची. आमी बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तवा वडील शाळंत जात हुते. आन् आई माझी लई संशयी. गावात कुनी बाई हासून बोलली का घरी येऊन म्हनायची, आज का हासली असंल गं ती. आमी बहिनी तिची नक्कल करायचो. ती म्हनायची, करा नक्कल, तुमाला आडावर कुनी वरून पानी वाढलं न्हाई म्हनून सुचतंय. तिच्या पोटात जे हुतं ते समदं माझ्यात आलं बघा, रंग वडलांचा आन् डोळे तिचे.

दहावी झाले न् लग्न लागलं. आमचे हे नगरला एमआयडीसीत फिटर, शांत मानूस, इतका शांत का कुनी पायावर पाय दिला तर हेच म्हनतील का पाय लागला का माझा. आधी एका खोलीत राह्यलो, मग नव्वदच्या पुढं केडगावच्या बाजूला नवी कॉलनी झाली तिथं घर घेतलं. एकाला एक चिकटलेली घरं, मधी मोकळी जागा, तिथं कडुनिंबाची रोपं, आन् मधोमध जमिनीत बांधलेला पान्याचा हौद, वर लोखंडी झाकन. नळ एक दिवसाआड यायचा, तो त्या हौदात पडायचा, मोटर लावली का तिथून समद्यांच्या टाक्या भरायच्या. म्हंजे काय, घरं येगळी पन पानी एक. राहायला गेलो त्या दिवशी मी पह्यलं ते झाकन बघितलं. घर नंतर बघितलं.

तिथं सोसायटी हुती आन् सोसायटीचे नियम. रस्त्याच्या बाजूला कपडे वाळत घालायचे न्हाईत, खरकटं गटारात टाकायचं न्हाई, रोपांना ज्याच्या दारासमोर त्यानं पानी घालायचं. चेअरमन सोनटक्के साहेब, बँकेतनं रिटायर झालेले, कपाळाला कायम आठी, सकाळी काठी घेऊन फिरायचे न् दिसलं ते बोलायचे. अहो, तुमचं पायपुसणं कठड्यावर कशाला. मला वाटायचं आमाला जरा जास्तीच बोलत्यात. आन् शेजारी मालती वैनी, आपल्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या. त्यांचं गोड. माहेरचा इंद्रायनी तांदूळ आला का पह्यली वाटी माझ्याकडं, मी हुलग्याचे शेंगोळे केले का त्या माझ्या ओट्यापशी उभ्या राहून खायच्या. मी मनात म्हनलं, आईला दाखवायला पायजे हुती ही बाई.

आता हौद म्हनला का धुवायला लागतो. महिना-दीड महिन्यानं एक रविवार ठरायचा, दोन घरांतले बाप्ये शिडीनं खाली उतरायचे, खराट्यानं घासायचे, गाळ काढायचे. पाळी कुनाची ते साहेब आदल्या दिवशी बेल वाजवून सांगून जायचे. आमच्या डाव्या अंगाच्या घराची झाली, मालती वैनींच्या मालकांची झाली, मग आमच्या दारावरून साहेब पुढं गेले. मी खिडकीतनं बघितलं. मानूस इसरतो, म्हनलं. फिरून पाळ्या सुरू झाल्या, फिरून आमचं दार सोडून पुढं. मी ह्यांना म्हनलं, अहो, आपली पाळी का येत न्हाई. हे म्हनले, बरंच हाय की, रविवारी झोपाय मिळतंय. मी म्हनलं, झोपा.

आन् मग झाकनाला कुलूप आलं. किल्ली साहेबांकडं. लेकरं पडतील म्हनून, असं कारन. लेकरं काय त्याच साली जन्माला आली हुती का. कॉलनी झाली तवापासून हुतीच की लेकरं. तवापासून मला जो रोग लागला, काय सांगू तुमाला. कुनी दारात बोलायला थांबलं का मी त्याचे पाय बघायची, उंबऱ्याच्या आत का भाईर. कुनी परसाद दिला का हात किती वरनं सोडला ते बघायची. साहेब दिसले का माझ्या अंगावर काटा यायचा, म्हनायची ह्यो तो मानूस, ह्यानंच लावलंय कुलूप, तोंडावर नियम न् पोटात दुसरंच. रोज मालती वैनींपशी मन मोकळं करायची. त्या म्हनायच्या, जाऊ द्या हो सुमनताई, तो माणूसच तसा आहे. मला बरं वाटायचं, का एक तरी आपलं हाय.

त्या उन्हाळ्यात मोटर बिघडली. दुरुस्तीवाला आला, दुपारपर्यंत खटपट करून गेला. मी रोपाला पानी घालायला भाईर आले तर हौदाचं झाकन सताड उघडं, आजूबाजूला कुनी न्हाई. म्हनलं खरंच लेकरू पडंल. वाकले, दोन्ही हातांनी ढकललं न् लावलं. कुलूप तिथंच लटकत हुतं, ते काय मी दाबलं न्हाई, पुन्हा उघडायला किल्ली माझ्याकडं थोडीच.

पुढं चार-पाच दिवसांनी पान्याला वास यायला लागला. आधी वाटलं नळाचा वास, मग घराघरात पोटं बिघडली, सलाइन लावायची पाळी आली एका म्हाताऱ्यावर. साहेबांनी मोकळ्या जागेत समद्यांना बोलावलं. सांजची वेळ, बाया एका अंगाला, बाप्ये एका अंगाला. कुनीतरी इचारलं, हौदापशी कोन गेल्तं. आन् मालती वैनींच्या सासूबाई, त्या अकोल्याहून येऊन राह्यल्या हुत्या दोन वर्सांपास्नं, त्या खुर्चीवरनं बोट करून म्हनल्या, मी पाहिलंय, ही बाई वाकली होती त्यात, दोन्ही हात घालून.

समद्यांची मान माझ्याकडं वळली. मी मालती वैनींकडं बघितलं, म्हनलं आता ह्या बोलतील, ह्या मला वळखत्यात. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत हुत्या.

मग माझा मीच आवाज ऐकला. म्हनलं, व्हय, वाकले, झाकन लावायला वाकले, उघडं कुनी ठेवलं ते इचारा की आधी. आन् इचारायचंच हाय तर हे बी इचारा, का समद्यांच्या पाळ्या येत्यात न् आमचंच दार का ओलांडता, आमच्या मालकाचे हात काय निराळे हायेत का. हे मागनं म्हनले, सुमन, बास. मी म्हनलं, बास न्हाई. आन् साहेबांपुढं जाऊन उभी राह्यले, म्हनलं, तुमीच सांगा, कुलूप तुमी लावलंय.

साहेब खाली बघत हुते. मग म्हनले, झाकण माझ्याकडून उघडं राहिलं. मेकॅनिकला पोहोचवायला गेलो आणि विसरलो. ह्या बाईंनी लावलं नसतं तर उघडंच राहिलं असतं. आणि पाळीचं म्हणाल तर माझ्याकडे विनंती आली होती. मी ऐकायला नको होती. मी म्हनलं, कुनाची विनंती. तवर मालती वैनींचे मालक उठले न् चप्पल शोधाय लागले, आन् माझ्या डोक्यात उजेड पडला.

वैनी रडायलाच लागल्या. अहो सुमनताई, माझ्या मनात काही नव्हतं हो, सासूबाई येणार होत्या, त्यांनी पाण्याला तोंड लावलं नसतं, मला घरात राहायचंय, त्या आहेत तोवरच म्हणून सांगितलं होतं. मी म्हनलं, आन् माझ्या ओट्यापशी शेंगोळे खाताना. त्या म्हनल्या, ते सासूबाईंना माहीत नाही. दोन वर्सं मी चुकीच्या दारावर डोळा ठेवून बसले हुते.

रविवारी मीच उतरले. बाप्ये म्हनले, तुमी कशाला, आमी हाय. मी म्हनलं, आमच्या घराची पाळी हाय. कासोटा घातला न् शिडीवर पाय ठेवला, शिडी साहेबांनी धरली. खाली गुडघ्याएवढं पानी, आन् कोपऱ्यात मेलेलं कबूतर, फुगून पांढरं पडलेलं. झाकन उघडं हुतं तवा आत शिरलं असनार, आन् मी वरनं बंद केलं. बादलीत घालून वर दिलं तवा भाईर कुनी नाक दाबलं, कुनी तोंड फिरवलं. मग तळ घासला, भिंती घासल्या, हे बी उतरले मागनं, दोघांनी मिळून गाळ काढला. संध्याकाळी नवं पानी आलं, टीसीएल, ती जंतू मारायची पावडर, टाकली, दुसऱ्या दिवशी साहेबांनी समद्यांदेखत माझ्या बादलीतनं तांब्या भरून घेतला न् प्याले. लोकांनी मान डोलावली. मला वाटलं, चांगला मानूस हाय. आन् लगोलग वाटलं, पन समद्यांदेखतच का.

सासूबाई अकोल्याला परत गेल्या. मालती वैनी महिनाभर आल्या न्हाईत, मग एक दिवस तांदळाची वाटी घेऊन आल्या. मी घेतली. भात केला, जेवले. भांडन म्हनून न्हाई, पन पह्यल्यासारखं पोटातलं काय मी त्यांना सांगितलं न्हाई पुन्हा. त्यांना ते कळतं. आता आमी रोपांना पानी घालतो, ती आता डोक्यावर गेलीत, खाली बसून भाज्या निवडतो, त्यांच्या गुडघ्याला मी तेल बी चोळून देते. मानूस वाईट न्हाई ती. भित्री हाय.

आता हौदाचं समदं माझ्याकडं हाय. साहेबांनीच सांगितलं कमिटीत या म्हनून. पाळ्या मी लावते, घरोघरी मी सांगते, दार एक बी सुटत न्हाई. ह्या दिवाळीनंतर शेवटच्या घरात नवीन बिऱ्हाड आलं, बाई तरनीताठी, पाथर्डीकडची. मालती वैनी म्हनल्या, आडनाव काय हो त्यांचं. मी म्हनलं, मी इचारलं न्हाई, तुमी बी इचारू नका. आन् त्याच महिन्यात जाऊन तिला सांगितलं, रविवारी हौद धुवायचाय, तुमच्या घराची पाळी हाय.

तिनं माझ्याकडं जे बघितलं. दार अर्धंच उघडं, एक हात कडीवर. म्हनली, आमी तर आताच आलो, आमालाच का लावता कामाला. बारीक डोळे करून माझं तोंड वाचत हुती, का ही गोड का बोलती, हिच्या पोटात काय हाय. समजावून सांगावं वाटलं, पन सांगून पटत असतं तर मला न्हाई का पटलं असतं कुनी सांगितलेलं. मी म्हनलं, बघ बाई, खुशाल बघ, चांगलं वरीसभर बघ माझ्याकडं. तवर रविवारी मालकाला जुनी पँट घालून पाठव. आन् सुखानं राहा.