पहिल्या आरतीसाठी पॉवर

...आणि वर मलाच विचारतात, "प्रभा, झारा कुठे ठेवलास?" तुम्हाला सांगते, रविवारची सकाळ, आमचे हे, केंद्र सरकारचे सेक्शन ऑफिसर, बनियनवर स्वयंपाकघरात उभे, एका हातात ड्रिल मशीन, दुसऱ्या हातात शेवटी सापडलेला माझा बुंदीचा झारा, आणि म्हणतात कसे, "बघ, एवढी भोकं आहेत, तरी झारा मोडतो का? मग गाडीची सीट कशी मोडेल?" घ्या. म्हणजे सीटला भोकं, पेडलला भोकं, वजन कमी करायचं. का, तर पॉवर पाहिजे.

पॉवर कशाला, ते ऐका. आमचं आर. के. पुरमचं मराठी मंडळ, त्याचा गणपती, आणि पहिल्या आरतीचा मान कोणाला यावरून दरवर्षी भांडण. चिठ्ठ्या टाकल्या तर चिठ्ठी कोणी उचलली यावर भांडण. आमचे हे, गुणवंतराव, सगळी नोकरी दिल्लीत काढली, मंडप बांधले, खुर्च्या वाहिल्या, पण पहिली आरती एकदाही नाही. डिसेंबरात रिटायर, क्वार्टर सोडायचं, लातूरला जायचं. म्हणजे हा शेवटचा गणपती. बोलून दाखवत नाहीत हो, पण मागच्या वर्षी पहिली आरती चालू असताना हा माणूस मागे चपलांपाशी उभा राहून टाळ्या वाजवत होता. मला फार वाईट वाटलं.

तर यंदा आमची सेक्रेटरी क्षिप्रा, तरुण मुलगी, मीटिंगमध्ये म्हणाली, "काका, चिठ्ठ्या बस यार. गुडगावला गो-कार्टचा ट्रॅक आहे. जुन्या स्कूटरच्या इंजिनाची कार्ट घरी बनवा, रेस लावा, जिंकेल त्याची आरती." ह्यांनी लगेच कलम घातलं, जो गाडी चालवेल त्यालाच मान. का, तर मंडळातल्या कॅन्टोन्मेंटच्या फौजवाल्यांनी कोणी हलकाफुलका जवान आणून बसवायला नको. मग कॅन्टोन्मेंटचे सुभेदार मल्हारी उठले, मिशीला पीळ दिला आणि मला म्हणाले, "वहिनी, साहेबांना सांगा, गाडी किक मारल्यावर पळती, फाईलवर सही केल्यावर न्हाई." सगळं मंडळ हसलं. हे पण हसले. घरी येऊन जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आमची स्कूटर उघडली. लग्नानंतर मला जिच्यावरून इंडिया गेटला आइस्क्रीम खायला नेलं, ती. तिचं इंजिन चार चाकांच्या सांगाड्यावर बसवलं, जमिनीपासून वीतभर उंच. चालली की, बिल्कुल चालली, फक्त शेजारून ई-रिक्षा पुढे गेली.

मग सुरू झालं. पैसा नाही, पण पद्धत ऑफिसची... प्रत्येक पार्टला तीन कोटेशन, सगळ्यात स्वस्त तो पास. मायापुरीच्या भंगारातून मोठ्या मोटरसायकलचा कार्ब्युरेटर आणला, इंजिन जास्त पेट्रोल पिईल म्हणून. इंजिनाचं हेड घासून आणलं, आतला दाब वाढेल म्हणून. सायलेन्सर पोकळ केला, तर वरच्या मिसेस चोप्रा भूकंप समजून जेवत्या ताटावरून खाली पार्कात. मुनिरकाचा मेकॅनिक रिंकू हात जोडून म्हणतो, "सर जी, बुज़ुर्ग इंजन है, इसकी भी रिटायरमेंट है." पण नाही. एअर फिल्टर काढून फेकला, म्हणे मोकळा श्वास घेऊ दे त्याला. अहो, दिल्लीत? इथे माणसं मास्क लावून भाजी आणतात, आणि हे इंजिनाचा मास्क काढतात. का, तर पॉवर पाहिजे.

मी म्हटलं, "आणि ब्रेक? तो लागला तर लागतो." तर मला समजावतात, "प्रभा, ब्रेकने पॉवर वाढते का? नाही ना? मग ती बाब पुढच्या आर्थिक वर्षात घेऊ."

त्यानंतर ही भोकं. सांगाड्याची पार चाळण झाली, तरी गाडी हवी तशी पळेना. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, सगळ्यात जड पार्ट तर तुम्हीच आहात." दुसऱ्या दिवसापासून दुधी, काकडी, ताक... पोट जिथल्या तिथे. आणि रेसच्या आदल्या दिवशी माझ्याकडे न बघता म्हणाले, "प्रशासकीय कारणास्तव ड्रायव्हर बदलावा लागतोय." कोण, तर मी. मी, जी जन्मभर स्कूटरवर मागे, एका बाजूला पाय करून बसले. म्हटलं, "तुमचंच कलम आहे, मान मला मिळेल." तर म्हणाले, "घरात तर येईल." आता ह्यावर नाही कसं म्हणायचं?

बसले. लेकीचा ट्रॅकसूट, अंबाड्यावर हेल्मेट, शेजारी मल्हारी. झेंडा पडला, मी पेडल दाबलं आणि मागून जो काही आवाज आला... देवाचं नाव घेतलं आणि स्टिअरिंगला लटकले. मल्हारी पूर्ण वेळ पुढे. शेवटच्या वळणावर त्यांनी ब्रेक लावला, शहाण्या माणसासारखा. मी पण लावला. पण माझा ब्रेक पुढच्या आर्थिक वर्षात. मी गेले तशीच, मल्हारींना मागे टाकून, फिनिशच्या पट्टीवरून, थेट टायरांच्या ढिगात. इंजिनाने एक उसासा टाकला आणि ते कायमचं गेलं. मल्हारी धावत आले, "वहिनी, लागलं न्हाई ना? वळणावर ब्रेक न लावणारं माणूस म्या फौजेत बी बघितलं न्हाई."

चतुर्थीला क्षिप्राने आरतीचं ताट माझ्या हातात दिलं. आपल्यात कसं, पूजा नवऱ्याने करायची आणि बायकोने त्याच्या हाताला हात लावायचा. माझा सगळा संसार हाताला हात लावण्यात गेला. मागे वळून बघते तर हे आपले चपलांपाशी. म्हटलं, "अहो, या पुढे. लावा हात." आले. माझ्या कोपराला हात लावला, डोळे भरलेले. मलाही भरून आलं. स्कूटर गेली तर गेली.

आरती निम्म्यावर आली आणि हे हळूच कानाशी वाकले. "प्रभा, ताट जड होतंय का गं? घरी गेल्यावर चार भोकं पाडतो."

मी ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं... आरती चालू होती.