पहिला हात वाळू द्या

"हॅलो?… हॅलो, कोण?… अगं, तू होय! नाव बघितलंच नाही मी. हात भरलेत माझे, कोपरानं उचललाय फोन… थांब, स्पीकर नको, अण्णा आत्ता कुठे जरा पडलेत. खांद्यात धरते… हं. बोल."

थोरलीनं मान वाकडी करून फोन कानाशी दाबला आणि सुरी पुन्हा हातात घेतली. ओट्यावर अर्धं कलिंगड उताणं पडलं होतं, त्याचं पाणी वाहत सिंककडे निघालं होतं. सकाळचे अकरा वाजत होते, पण खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायची सोय नव्हती. संध्याकाळी सातला घरात चौदा माणसं जमायची होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस सगळ्यांनी थोरलीकडे जमायचं, हे कधी ठरलं ते कुणालाच आठवत नव्हतं. थोरलीलाही नाही.

फोनवर तिची धाकटी बहीण होती. घरात ती बारकी. चाळिशीला टेकली तरी बारकीच. बसनं अडीच तासांवर राहायची; वडील, म्हणजे अण्णा, मात्र थोरलीकडेच असायचे.

"काय करू? केक करतेय… नाही गं, ओव्हनमधला कुठला! या उकाड्यात ओव्हन लावून मला स्वतःला भाजून घ्यायचंय का? फ्रीजमधला. गार. थरांचा… हो, हो, तोच. तुझ्या दादाच्या पोरींनी व्हिडिओ पाठवलाय. खाली बिस्किटं, त्यावर पांढरं क्रीम, मग लाल जेली, मग पिवळी, आणि वर फळांची रांगोळीच जवळजवळ… अगं ऐक ना, हसू नकोस. वर मला ताकीद आहे, 'आत्या, थर अगदी सरळ रेषेत यायला हवेत.' सरळ रेषेत! माझा कणा सरळ राहिला नाही, थर कुठून राहायचे?"

तिनं कलिंगडाची एक फोड तोंडात टाकली. सकाळपासून पोटात गेलेली ही पहिली गोष्ट होती.

"बिया काढतेय… एकेक, मग काय! अण्णांना ठसका लागतो… बदाम? नको गं बाई, बदाम नको, पिस्ते नको, काहीच कडक नको. मागच्या वेळी कवळीखाली बदामाचा तुकडा अडकला आणि अर्धा तास मी टॉर्च घेऊन त्यांच्या तोंडात बघत होते… हो, आता हसतेस. तेव्हा असायला हवी होतीस… नाही, नाही, टोमणा नाही. सहज म्हटलं."

जेलीचं पातेलं गार पाण्याच्या टबात ठेवलं होतं. थोरलीनं करंगळी बुडवून पाहिली. गरमच होती. व्हिडिओतली मुलगी सांगत होती, जेली हाताला गार लागेपर्यंत ओतायची नाही. पण त्या मुलीकडे बहुतेक पूर्ण दिवस मोकळा असावा.

"अननस डब्यातला घेतलाय. ताजा घातला तर जेली धरतच नाही, माहितेय?… खरंच. गेल्या वर्षी नाही का, सगळ्यांनी केक पेल्यातून प्यायला… हो, तोच. तुझा दादा म्हणाला होता, 'ताई, सूप छान झालंय.'… काही आणू नकोस तू… ताटल्या आहेत… चमचेसुद्धा आहेत… हो, पुरतील… काचेचं भांडं समोरच्या काकूंनी दिलंय, मोठं, लांबट… आहेत म्हटलं ना चमचे!… बर्फ? बर्फाचे दोन ट्रे लावलेत…"

तिनं सुरी खाली ठेवली.

"बारके, चमच्यांचं तू तिसऱ्यांदा विचारतेयस. काय झालंय?"

पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगणं चाललं. थोरली ओल्या हातानं ओट्यावरच्या बिया एका जागी गोळा करत राहिली.

"हं… हं… रजा नाही मिळाली?… कशाची रजा? आज शनिवार. तुझं ऑफिस शनिवारी बंद असतं… अचानक बोलावलं. बरं… मग ऑफिसात प्रेशर कुकरची शिट्टी कशी वाजतेय मागे?… नाही, चिडले नाही मी. चिडायला अंगात काहीतरी लागतं. फक्त खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही ते. लहानपणीसुद्धा खोटं बोलायच्या आधी तू भलत्याच गोष्टीची चौकशी करायचीस."

फ्रीजचं दार उघडून तिनं काचेचं भांडं बाहेर काढलं. सकाळी सहाला लावलेला बिस्किटांचा थर आणि सातला ओतलेलं क्रीम. पांढरं, गुळगुळीत, नुकत्या इस्त्री केलेल्या चादरीसारखं. तिला त्या चादरीवर आडवं व्हावंसं वाटलं. दार तसंच उघडं ठेवून ती क्षणभर गारव्यात उभी राहिली.

"ऐकतेय मी. बोल… हो… हो, माहितेय मला. थंडीत आली होतीस तेव्हाचं ना? मी तिथंच होते की. तू वाकून नमस्कार केलास आणि ते म्हणाले, 'कोणाकडे आलात आपण?'… 'आपण' म्हणाले, हो… आणि तू चहाला दूध आणते म्हणून निघालीस आणि जिन्यात जाऊन बसलीस. तेही माहितेय. दूध घरात होतं, बारके. दोन पिशव्या होत्या."

एवढं बोलून तिनं पातेलं उचललं. करंगळी बुडवायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. मान वाकडी, फोन घसरत चाललेला, मन त्या जिन्यात. तिनं पातेलं तिरकं केलं आणि लाल जेली धारेनं क्रीमवर सोडली.

"मी तुला तेव्हा काही बोलले का? नाही बोलले… कारण मला वाटलं, एकदा होतं माणसाचं असं, पुढच्या वेळी… अगं थांब. थांब, थांब, थांब! अरे देवा… गेलं… गेलं सगळं!… अण्णा नाही गं! अण्णा बरे आहेत, झोपलेत. केक! केक गेला!"

मधोमध क्रीमला खड्डा पडला होता आणि लाल रंग त्यातून थेट बिस्किटांपर्यंत उतरत होता. कडेनं पांढऱ्यात लालाचे ओघळ चालले होते. काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं. सरळ रेष म्हणावी असं त्यात काहीही उरलं नव्हतं.

थोरलीनं रिकामं पातेलं सिंकमध्ये ठेवलं आणि ती स्टुलावर बसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"गरम होती जेली. क्रीम वितळलं… नाही, तुझ्यामुळे नाही… आणि गंमत सांगू? सकाळी अण्णा वॉकर घेऊन इथं आले. भांड्यासमोर उभे राहिले. मी ही लाल जेली ढवळत होते. म्हणाले, 'ओल्यावर ओला रंग चढवू नका, बाई. पहिला हात वाळू द्या.'… हो! अगदी तसंच. पाट्या रंगवायच्या वेळी आपल्याला ओरडायचे तसंच… नाही, ओरडले नाहीत. समजावून सांगितलं. पाहुण्या माणसाला सांगावं तसं."

थोरलीनं फोन कानापासून दूर करून पडद्याकडे पाहिलं.

"आहेस ना?… हं. रंग सगळे कळतात त्यांना अजून. परवा काकूंची ओढणी बघून म्हणाले, यात निळा जास्त झाला. आणि खरंच झाला होता. माणसं तेवढी कळत नाहीत… मला?… मला कशाला ओळखतील? मी 'बाई' आहे… वर्ष होईल आता. तुम्हाला सांगितलं नाही, काय सांगायचं त्यात? पहाटे साडेचारला उठतात. कामावर जायचंय, शिडी कुठे ठेवलीत विचारतात. मी म्हणते, शिडी दुरुस्तीला दिलीय. रोज दुरुस्तीला… मग चहा देते. मग गप्पा मारतात माझ्याशी. फार सभ्यपणे. परवा मला म्हणाले, 'तुमच्या घरी कोण कोण आहे?'"

आतल्या खोलीत पंखा एका लयीत टकटकत होता.

"काय सांगणार? खरं तेच सांगितलं. म्हटलं, वडील आहेत, एक भाऊ आहे, एक लहान बहीण आहे… तर म्हणाले, 'येतात का तुम्हाला भेटायला?'… नाही गं, त्यांना काय कळतंय. त्यांनी आपलं सहज विचारलं… मी म्हटलं, येतात की. सुट्टीत येतात. म्हणाले, 'मग बरंय.'"

कलिंगडाचं पाणी ओट्यावरून ठिबकून फरशीवर पडायला लागलं होतं. ती बघत राहिली. पुसायला उठली नाही.

"रडू नकोस… बारके, रडू नकोस ना. मला आत्ता दोन-दोन गोष्टी निस्तरायला जमणार नाहीत, हा केकच पुरे आहे… हो, ऐक. ऐक ना माझं. मी आजवर मागितलं नाही, आज मागतेय. तू अण्णांसाठी येऊ नकोस. त्यांना कळणार नाही तू आलीस की नाही, खरंच नाही कळणार. तू माझ्यासाठी ये… काम करायला नको गं! स्वयंपाक वहिनी आणि काकू बघतायत. चमचेही नकोत तुझे. मला झोपायचंय… झोप, झोप! दुपारी तीन ते पाच. दोन तास. खोलीचं दार लावून. आणि त्या दोन तासांत 'बाई' अशी हाक आली, तर ती दुसऱ्या कुणीतरी घ्यायची. बस. एवढंच."

तिचा आवाज चढला नव्हता. बाजाराची यादी वाचावी तशी ती बोलली होती. पण बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण उभ्या राहिलोय आणि एका हातानं ओट्याची कड गच्च धरलीय.

"दादाला?… तुझ्या दादाला सांगून बघितलं. तो येतो, सोफ्यावर बसतो आणि म्हणतो, 'ताई, तुझं खरंच कौतुक आहे.' कौतुक उशाला घेऊन झोप लागत नाही… नाही, वाईट नाही तो. घाबरतो. तुझ्यासारखाच. तो सोफ्यावर घाबरतो, तू जिन्यात… मी? मला कुठे घाबरायला वेळ मिळतो!"

आणि आता थोरली स्वतःच हसली. बारकीही हसली असणार, नाक ओढत, कारण थोरली म्हणाली, "पूस आधी ते."

"हं… हं… काय?… काय बोलायचं म्हणजे? काहीही बोल. कोणाकडे आलात विचारलं तर म्हणायचं, तुमच्याकडेच आलेय… आणि मग पाटीचं विचार. म्हण, मला दुकानाची पाटी रंगवून हवी आहे, कुठला रंग लावू? तास-दीड तास सांगतात. लांबून वाचता यावी म्हणून अक्षर किती जाड हवं, ऊन लागतं तिथे कुठला रंग उडतो… मला सगळं पाठ झालंय. तू पहिल्यांदाच ऐकशील. त्यांनाही बरं वाटेल, नवीन गिऱ्हाईक… अगं, मी थट्टा नाही करत. छान बोलतात. माणूस तोच आहे, आपण तेवढे हरवलोय त्यांच्याकडून."

तिनं एक मोठा चमचा घेतला आणि भांड्यात घातला. लाल, पांढरं, बिस्किटांचा भिजलेला चुरा, सगळं तिनं तळापासून एकदा वर घेतलं. खाऊन बघितलं. चव चांगली होती. चवीला सरळ रेषेशी देणंघेणं नव्हतं.

"काय?… केकचं होय! केक आता वाट्यांमध्ये. ढवळून टाकतेय सगळं. पिवळी जेली पुरती गार झाली की तिचे तुकडे करून टाकीन वर, त्यावर कलिंगड, अननस, संत्र्याच्या फोडी. लाल-पिवळं-गुलाबी, रंग तर झाले ना? पोरींना म्हणेन, हा या वर्षीचा नवा प्रकार आहे, तुमचा व्हिडिओ जुना झाला… मऊ झालंय एकदम. अण्णांना तर हेच बरं. थर लागले असते तर त्यांना मला कुस्करूनच द्यावं लागलं असतं."

पलीकडे कुणीतरी कपाट उघडल्याचा आवाज आला आणि थोरलीनं कान टवकारले.

"काय करतेयस?… कपडे भरतेयस? खरंच?… नाही, मला वाटलं अजून विचार करशील… साडेबाराची गाडी मिळेल? रिक्षा लगेच मिळते का तुमच्याकडे?… मग तीनला इथे… कुकर बंद केलास ना आधी?… बघ बरं जाऊन. मी थांबते."

ती थांबली. एका हातानं बिया कचऱ्याच्या डब्यात लोटल्या, फडकं पिळून फरशीवरचं पाणी पुसलं.

"केलास? बरं. आता ऐक, नीट ऐक. बेल वाजवू नकोस, अण्णा दचकतात. किल्ली समोरच्या काकूंकडे ठेवते. त्यांच्याकडून घे, हळूच दार उघड. अण्णा हॉलमध्ये खुर्चीत बसलेले असतील. साडेतीनला त्यांना पाणी दे, चारला चहा, साखर अर्धा चमचा. मागतील, पण अर्धाच. वॉकर हाताशी ठेव. फ्रीजमध्ये वाट्या आहेत त्यातली एक त्यांना दिलीस तरी चालेल, सातपर्यंत थांबायला नको… हो, तूही खा एक… राहा की उद्या. राहा ना. उद्या रविवार… बरं, ते आल्यावर बघू."

बोलता बोलता ती आतल्या खोलीच्या दारापर्यंत आली होती. अण्णा कुशीवर झोपले होते, एक हात उशीखाली. मागच्या छोट्या खोलीत तिचा पलंग होता, त्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता. तो तिनं उचलून खुर्चीवर टाकला.

"काय म्हणालीस?… मी कुठे असेन? सांगितलं ना मघाशी. मागच्या खोलीत. दार लावलेलं असेल… नाही, आलीस हे सांगायलासुद्धा नाही… अगं, किल्ली फिरली की मला आवाज येईलच, मला कळेल… पाहुणे लवकर आले तरी नाही. दादा आला तरी नाही… बारके, ते घरच पेटलं तर गोष्ट वेगळी. एरवी मला उठवू नकोस… हो. ठेव आता, गाडी चुकेल. ठेवते मी."