चिऊचं अष्टक

पुन्हा चुकलं? कळलं हो, बापूसाहेब— तुमचं बोट पलंगाच्या कडेवर थांबलं की सून नापास! बरं, परत ऐका— ‘चिऊ निघाली सासरी, दारी उभी वरात’— मात्रा तर बरोबर आहेत, तेरा न् अकरा, गिनती पक्की माझी. डोळे काय मिटता असे? हां, हां— मंगलाष्टक दोह्यात नसतं. पण मी तरी काय करू, देवासच्या शाळेत आम्हाला दोहा-चौपाईच घोटवली, ‘शार्दूलविक्रीडित’ म्हणताना अजून जीभ अडखळते माझी. तिथे नुसत्या मात्रा मोजून भागत नाही, अक्षराअक्षराची जागा ठरलेली— आधी तीन गुरू, मग दोन लघू, परत गुरू— आणि माझी लेक बघा, ‘चि’ पहिल्याच पावलाला लघू! नावच बसत नाही पोरीचं. आता लग्नाच्या आदल्या दिवशी नाव बदलू का तिचं? हसू नका. म्हणजे— हसा, हसा, किती दिवसांनी हसलात.

उद्या अक्षता. धारचे व्याही काल विचारत होते, तुमच्याकडे आजोबाच अष्टक रचतात ना? तर हे म्हणाले, क्या है ना भिया, या वेळी गुरुजी म्हणतील पुस्तकातलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या घरातलं एक लग्न पुस्तकातल्या अष्टकावर लागलेलं नाही, माझंसुद्धा नाही! आणि रीत तरी कसली हो तुमची— कागदावर उतरवायचं नाही, आधी कुणाला ऐकवायचं नाही, पहिल्यांदा ऐकायचं ते अंतरपाटाशी. दिवाळीत म्हणालात, ‘अल्पना, चिऊचं तयार आहे.’ मी म्हटलं, ऐकवा— तर मिशीतल्या मिशीत हसलात. आणि मग झटका आला, वाचा गेली, लिहिता हातही गेला. पुढच्या मार्गशीर्षात धरलेलं लग्न आम्ही वैशाखात ओढलं ते— ते मुहूर्त चांगला मिळाला म्हणून. तुमच्यासाठी नाही. नाही हो, खरंच.

हे काय वाजवताय? मी तर काही म्हटलंच नाही अजून. थाप, थाप, थाप— टक टक— थाप— थांबा, हे तर शार्दूल! मधे दम घेतलात, बरोबर जागेवर. दुसरी ओळ? तिसरीपण? बापूसाहेब— हे चिऊचं आहे? असेल तर पापणी लववा. ...अरे देवा. सगळं आहे तुमच्यापाशी, अक्षर न् अक्षर आहे, आणि मला नुसती टकटक ऐकू येतेय. शब्द कुठून आणू मी? कोणत्या नावाने बसवलीत तिला पहिल्या जागेवर? किती लाडाचं असेल ते, आणि आता कुणालाच— रडू नका, मी कुठे रडतेय.

चौथी म्हणा. म्हणा ना. शेवट मला येतो, शेवट सगळ्यांचा एकच असतो, मी तुमच्याबरोबर म्हणते— कुर्यात् सदा मंगलम्.

कोण आहे दारात? चिऊ? नको, आत येऊ नकोस, जा बाई. तुझं अष्टक चाललंय— नवरीने आधी ऐकायचं नसतं.