भिंतीवरच्या वेलीची वाइन

आदरणीय अध्यक्षमहाशय, व्यासपीठावर मावतील तेवढे बसलेले मान्यवर पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आमचे धाकटे बंधू, समोर बसलेले तोडणीवाले, पिंपं बांधणारे, बाटल्या भरणाऱ्या मुली, आणि भाषणं कधी संपतात याची वाट बघत स्वयंपाकघराच्या दाराशी उभे असलेले सर्व सज्जन हो,

आधी एक प्रश्न विचारते. याच सभागृहात, याच व्यासपीठावरून तुम्ही एका माणसाला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतंत आणि 'आम्ही तुम्हाला कधीही विसरणार नाही' असं एका सुरात म्हणाला होतात. कोण होता तो? आठवा, घाई नाही. अध्यक्षमहाशय, आपण छताकडे बघू नका, तिथं लिहिलेलं नाही.

राहू द्या. तुमची स्मरणशक्ती मला ठाऊक आहे. आमंत्रणपत्रिकेवर माझं नाव घालायला तुम्ही विसरलात, आणि आठवण करून दिल्यावर ते जेवणाच्या वेळेच्या खाली छापलंत. मला त्याचा राग नाही. मला कुठे वाचता येतं? नातीनं वाचून दाखवलं म्हणून कळलं.

तीच नात आता तुमच्यापुढे उभी आहे. माझे गुडघे या सभागृहाचा जिना चढायला तयार नाहीत, म्हणून मी सांगितलं आणि तिनं लिहून घेतलं. बोलणं माझं, अक्षर तिचं. वाचताना तिचा आवाज अडला तर पाणी द्या, पण कागद काढून घेऊ नका. उद्यापासून ती या वाइनरीची प्रमुख आहे. हे भाषण वाचणं हे तिचं पहिलं काम समजा.

आता सत्कारमूर्तींविषयी. अशा प्रसंगी चांगलं बोलायचं असतं, तेव्हा चांगलं बोलते. आई गेली तेव्हा हा रांगत होता. मी त्याला कडेवर घेऊन वाढवलं. शाळेत एकालाच पाठवायचं होतं, त्याला पाठवलं. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "अक्का, मोठा झालो की तुला शिकवीन." मी अजून वाट बघते आहे. त्याच्या कामाबद्दल इतरांनी बरंच सांगितलं असेल. नवं तळघर त्यानं बांधलं, बाटलीवरचं चित्र त्यानं बदललं, वेळेवर यायची शिस्त त्यानं लावली. सगळं खरं आहे. माणूस हुशार आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या हुशार माणसानं जाताना एकच मागणं केलं आहे. चढावरच्या पांढऱ्या घरात त्याला मरेपर्यंत राहू द्यावं. घर वाइनरीचं, प्रमुखाला राहायला दिलेलं. समितीनं नेहमीप्रमाणे अंग काढून घेतलं आणि नव्या प्रमुखानं ठरवावं असं सांगितलं. नवी प्रमुख रडवेली होऊन माझ्याकडे आली. "आजी, मामाआजोबांना नाही कसं म्हणू? द्राक्ष चाखायला त्यांनीच शिकवलं मला." मी म्हटलं, तू म्हणू नकोस, मी म्हणते. तू फक्त वाच.

तर घराकडे वळण्याआधी वाइनबद्दल दोन शब्द. पाहुणे मंडळी नवी आहेत, त्यांना आमची मूळ पांढरी वाइन कशी होती ते माहीत नसणार. आता तुमच्या पेल्यात आहे ती नव्हे. ही जी आहे ती पाहुण्यांना द्यायची आहे, चांगली आहे, तहान भागते.

खाली नदी, वर उघडा डोंगर, आणि मधे तिरपं धरलेल्या ताटासारखा एक उतार. सकाळी नदीवरून धुकं चढायचं आणि वेलींना ओल्या फडक्यानं पुसून निघून जायचं. मग ऊन. दुपारनंतर डोंगरावरून गार वारा. आणि पायाखाली पांढरे दगड, मुठीएवढे, डोक्याएवढे, चिरा गेलेले, इतके की माती दिसायची नाही. दिवसभर ते ऊन खायचे आणि अंधार पडला की घडांना खालून शेक द्यायचे. पाऊस पडला तर पाणी त्यांच्यामधून झिरपून जायचं, वेलींचे पाय कोरडे राहायचे. त्या उताराची वाइन फिकी, जराशी हिरवट, नाकाशी नेली की हिरव्या सफरचंदाचा आणि नुकत्या भिजलेल्या दगडाचा वास. तोंडात गेली की आधी अंगावर यायची, शहाण्या सासूसारखी. आणि गिळल्यावर मागे खारटपणाचा एक कण ठेवून जायची, की पुन्हा पेला उचलावासा वाटे. तिच्यात भपका नव्हता. चांगल्या घरची मुलगी जशी हळू बोलते आणि सगळे ऐकतात, तशी.

ती वाइन माझा नवरा करत असे. तळघराचा प्रमुख. घड्याळ त्यालाच दिलं होतंत. आता आठवलं ना?

धाकटा प्रमुख झाला तेव्हा उतारावर यंत्रं आणायची ठरली. यंत्रांची पाती दगडांवर तुटायची. तेव्हा दगड काढायचे ठरले. कोणीही विरोध केला नाही, कोणाला काही कळतही नव्हतं. उलट सगळे खूश, कारण तिथं पाय मुरगळला नाही असा तोडणीवाला दाखवा. माझा नवरासुद्धा खूश. एकचाकी गाडीतून त्यानंही दगड वाहिले. वेचलेल्या दगडांचं काय करायचं? त्यांचं धाकट्यानं प्रमुखासाठी घर बांधून घेतलं. जाड भिंती, अंगणाला कठडा, फाटकापासून दारापर्यंत पायवाट. फारच देखणं घर. मेहुण्यानं वाहिलेल्या दगडांचं.

मग वाइन बिघडायला लागली. एकदम नाही. आधी मागचा खारा कण गेला. मग वास बोथट झाला. मग ती जाडी झाली, सुस्त झाली, पाय ओले ठेवून बसलेल्या माणसासारखी सर्दट. माझा नवरा पिंपं बदलायचा, फडकी उकळायचा, तळघराच्या खिडक्या उघडायचा आणि लावायचा. काही उपाय चालेना.

आणि मग तो समारंभ. धाकटा याच जागी उभा राहिला, जिथं आता नात उभी आहे, आणि म्हणाला, "जिभेला गंज चढला की माणसानं मानानं बाजूला व्हावं." तुम्ही टाळ्या वाजवल्यात. माझ्या नवऱ्यानंही वाजवल्या. त्याला वाटलं, दुसऱ्या कोणाबद्दल चाललं आहे. शेजारच्यानं त्याच्या मांडीवर हात ठेवला तेव्हा त्याचे हात थांबले. तुमचे थांबले नाहीत.

पुढचं तुम्ही पाहिलं नाही, ते घरातलं आहे. तो माणूस त्या दिवसापासून स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवीना. जेवायला बसला की घास तोंडात धरून विचारायचा, "मीठ बरोबर आहे का गं?" मी म्हणायची, आहे. "नक्की?" नक्की. दूध पिताना विचारायचा, पाणी पिताना विचारायचा. एकदा लिंबाची फोड तोंडात ठेवून माझ्याकडे बघत बसला, मी सांगेन तेव्हा आंबट म्हणायचं अशा चेहऱ्यानं. बिछान्याला खिळला तेव्हा त्याची खाट खिडकीशी होती. तिथून सगळा उतार दिसतो. त्याकडे बघत म्हणायचा, "बाग काय वाईट नाही. माझंच बिघडलं." तसाच गेला. आपली जीभ खराब होती, आपण वाइन बुडवली, हे पक्कं मनात धरून.

धाकटा अंत्यविधीला आला होता. पुष्कळ रडला. मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

नंतर त्यानं मला जेवायला बोलावलं, त्या पांढऱ्या घरी. ओसरीच्या भिंतीवर एक वेल चढवलेली होती, दगडाला अगदी पाठ टेकून. मी म्हटलं, सावलीसाठी असेल. ताटात मासा होता. धाकट्यानं कपाटातून बिनचित्राची बाटली काढली आणि माझ्या पेल्यात ओतली. मी घोट घेतला. हिरवं सफरचंद. भिजलेला दगड. आणि मागे तो खारा कण.

या सभागृहात पांढऱ्या केसांचे जेवढे आहेत, त्यांच्यातल्या कोणीही ओळखली असती. त्यासाठी शहाणपण लागत नाही, जीभ लागते.

मी विचारलं, "ही कुठली रे?"

"घरची आहे, अक्का. ओसरीवरची."

"वेल कुठून आणलीस?"

"उतारावरचीच काडी आहे."

"उतारावर हीच वेल अशी देत नाही. इथं कशी देते?"

तो भिंतीकडे बघायला लागला. मीही बघितलं. भिंत दिवसभराच्या उन्हानं तापलेली होती, हात लावला तर कळत होतं.

"कधीपासून देते आहे?"

"झाली काही वर्षं."

"तुझे भावोजी होते तेव्हापासून?"

त्यानं माशाचा काटा बाजूला काढला, नीट, मला टोचू नये म्हणून. आणि म्हणाला, "अक्का, मासा गार होतोय."

मंडळी, मी म्हटलं होतं ना, हुशार माणूस आहे. त्याला कळलं होतं. दगड गेले म्हणून वाइन गेली, हे तुम्हा आम्हा सगळ्यांच्या आधी त्यालाच कळलं होतं. पण सांगायचं तर घर पाडावं लागलं असतं, आणि घर तर फार देखणं झालं होतं. मग त्यानं काय केलं? उतार एकट्यापुरता ओसरीवर आणला, रोज जेवताना एक पेला प्यायला, आणि खालच्या घरात एक माणूस विचारत राहिला, मीठ बरोबर आहे का गं.

आता कोणी विचारेल, इतकी वर्षं गप्प का राहिलात? गप्प नव्हते. सभागृह भरायची वाट बघत होते. माझ्या नवऱ्याचं जे झालं ते चारचौघांत झालं, मग हे स्वयंपाकघरात कसं उरकायचं? बसू दे त्याला तिथं व्यासपीठावर, गळ्यात हार घालून. कोणी त्याच्या मांडीवर हात ठेवू नका.

तर मागण्याचं उत्तर. नाही. घर राहणार नाही. कठडा, पायवाट, भिंती, सगळे दगड उतारावर परत जातील, आणि तोडणीवाल्यांनो, तुमचे पाय पुन्हा मुरगळतील. नात म्हणाली, "आजी, दुसरीकडून दगड आणता येतील." येतील की. करडे येतील, पिवळे येतील. ते पांढरे तेवढेच होते आणि ते सगळे तिथं उभे आहेत. ओसरीवरची वेल मात्र मुळासकट काढून जपून खाली लावा. तिचा काही अपराध नाही.

हे लिहिताना नातीनं कागद बाजूला सारला होता. म्हणाली, "इतकं निष्ठुर बोलू नकोस, म्हातारा माणूस कुठे जाईल?" बाळ, मी काय त्याला रस्त्यावर काढते आहे? कडेवर वाढवलेला भाऊ आहे तो माझा. माझ्या घरी येईल. खोली झाडून ठेवली आहे, चादर धुतलेली आहे. खाट खिडकीशी आहे, हलवायची नाही. भिंतीवर तुम्ही दिलेलं घड्याळ आहे, चालू आहे. सकाळी धुकं सरलं की उतार दिसतो. कोण दगड वाहतं आहे, कुठे ठेवतं आहे, सगळं दिसेल. परत गेलेल्या दगडांवरची पहिली वाइन होईपर्यंत त्याला जगवायची जबाबदारी माझी. मी चांगलं सांभाळते, धाकट्या, तुला माहीत आहे. आणि जेवताना मी तुला रोज विचारेन, मीठ बरोबर आहे का रे. तू खरं सांगायचं.

अध्यक्षमहाशयांनी मला बोलू दिलं, म्हणजे नातीला थांबवलं नाही, त्याबद्दल त्यांची आभारी आहे. आयोजकांनी खुर्च्या लावल्या, फुलं आणली, त्यांचे आभार. ज्यांनी ऐकलं त्यांचे आभार, आणि झोपलेल्यांना उठल्यावर शेजारचे सांगतीलच. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते एका अडाणी बाईचं म्हणून पोटात घाला. वाचण्यात काही चुकलं असेल तर ते नातीच्या डोळ्यांतल्या पाण्यामुळे, तेही माफ करा.

शेवटचं, जेवणाबद्दल. माझा डबा पाठवायला विसरू नका, तुमचं तेवढंही लक्षात राहत नाही. मासा पाठवा, शेपटीकडचा नको. उकडलेले बटाटे, लोणी वेगळ्या वाटीत, लिंबाची फोड. डबा दोन माणसांचा भरा आणि धाकट्याच्याच हाती द्या, त्याला आजपासून इकडेच यायचं आहे. गोड काही घालू नका. त्याला चालत नाही, आणि मला आता आवडत नाही.