ओट्याखालचा निरोप्या

(१९१८चा ऑक्टोबर. तापाच्या साथीनं पुण्याची कॉलेजं बंद, म्हणून मास्तर लोणावळ्याला, तुंगार्लीतल्या आपल्या ओट्यावर, सुट्टीत आलेल्या पोरांना एक जुनी शोकांतिका शिकवतात. मास्तर ओट्यावर, नथू अंगणात.)

मास्तर : आणि तिथंच काय उभा राहिलास? वर ये. बाकीचे तिघं अंथरुणात आहेत. आज तू एकटाच माझा वर्ग.

नथू : इथंच बरा आहे, मास्तर.

मास्तर : निबंध वाचला तुझा. राजाच्या खात्यावर गर्व, राणीच्या खात्यावर हट्ट. इथवर जमाखर्च जुळतो. पण चार पानं उधळलीस कुणावर, तर निरोप्यावर! अरे, राणी मेली एवढं सांगायला आणलेला माणूस तो. सांगितलं की गेला.

नथू : जात न्हाई तो. आपण त्याच्याकडं बघायचं सोडतो.

मास्तर : वा. शिवाय म्हणतोस, निरोप्या इतकं लांबण लावणारच नाही. का, तर तुमच्या कामशेताकडं मयताची खबर आणणारा ओट्याखालीच थांबतो, त्या घरचं पाणीसुद्धा घेत नाही. गावची रीत नेऊन राजवाड्यात घुसडलीस. दहापैकी तीन गुण.

नथू : तीन बी लय झाले.

मास्तर : एरवी अर्ध्या गुणासाठी भांडत बसतोस की.

शालूबाई : (आतून) कोण आलंय हो?

मास्तर : नथू. कामशेतचा.

शालूबाई : आपल्या मुक्ताच्या सासरहून? तिचा ताप उतरला का विचारा ना. पाणी आणते हं त्याला.

नथू : पाणी नको, काकू.

मास्तर : चालत आलास?

नथू : व्हय.

मास्तर : मग घसा कोरडा पडला असेल.

नथू : मास्तर, मुक्ताताईच्या—

मास्तर : थांब. निबंधाचं संपलं नाही. शेवटी तू लिहिलंयस, निरोप्या दिसला तेव्हाच राजाला सगळं कळलेलं असतं, म्हणून तो भलतंसलतं विचारत राहतो. त्यावर मी शेरा मारलाय, राजा एवढा भित्रा नसतो.

नथू : मला बोलू द्या, मास्तर. तिच्या सासऱ्यानं, दत्तोबानं धाडलंय मला.

मास्तर : वर ये आधी. एक घोट घे. नुसता एक घोट, मग काय ते बोल.

नथू : न्हाई घेता येत.

मास्तर : दहापैकी दहा देतो, नथू.

नथू : पहाटं गेली, मास्तर.

शालूबाई : (आतून) तांब्या भरलाय. काय म्हणतोय तो? उतरला का ताप?

नथू : काकूंना मी सांगू?

मास्तर : नको. तू जरा बाजूला हो, मला खाली उतरू दे.

शालूबाई : हे घ्या. अगंबाई, हा असा तोंड फिरवून का उभा? त्याला नको तर तुम्ही तरी प्या, किती घाम आलाय.

मास्तर : मला पाणी नको.

शालूबाई : मग वर तरी या. आपल्याच घराच्या ओट्याखाली असे का उभे राहिलात?