घरट्याशेजारची काठी

—गेट उघडा खुशाल, पण त्या काठ्या गाडीतच राहू द्या. हो, सगळ्या. निळ्या फिती बांधलेल्या तर आधी आत ठेवा. कर्ल्यू आहे हो इथं, नाही कुठं म्हणते मी? एवढी बाकदार चोच कुठं लपवणार तो? पक्षी मोजायला आलात ना, मोजा – एक नर, एक मादी, झाले दोन. घरटं मात्र दाखवणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात मीच रोवली होती काठी. लग्न नवं, डोंगर नवा, उत्साह नुसता! गवतात चार अंडी दिसली – आणि डूगल, माझा नवरा, त्याच आठवड्यात गवत कापणार. म्हणून घरट्याशेजारी काठी, वर फीत. त्यानं वळसा घालून कापलं, शहाण्यासारखं. वर मला म्हणतो, "पाटीही लाव की बाईसाहेब, इथं कोण राहतं त्याची." पाटीच होती ती. डोमकावळ्यानं वाचली. तिसऱ्या दिवशी काठीच्या टोकावर बसला होता, निवांत. खाली टरफलं.

रडले? छे. तेव्हा माझंही – दुसराच महिना होता, पण मी सांगून बसले होते. दुकानात, चर्चमध्ये, टपालवाल्यालासुद्धा. सासूबाईंनी पाळणा रंगवून दारात वाळत ठेवलेला. मग काय, पुन्हा सगळीकडं फिरून सांगायचं – नाही म्हणून. दुकानातल्या बाईनं केक दिला. बेदाण्यांचा. चांगला होता.

ह्याचा त्याचा संबंध नाही, कळतं मला. डॉक्टरही तेच म्हणाल्या. काठी नसती तरी कावळ्याला सापडलंच असतं, म्हणाल तुम्ही. असेल.

यंदा डूगललाही सांगितलेलं नाही – घरट्याचं. मग ट्रॅक्टर? गवत कापायच्या दिवशी ट्रॅक्टरपुढं मीच चालणार. मी वळेन तिथं तो वळेल. वेडी म्हणेल, म्हणू दे. अंडी फुटायला अजून दहा दिवस आहेत, आणि मला अजून सात महि—

माझ्याकडं काय बघताय? काही दिसत नाही अजून.

वहीत लिहिलंत की काय? खोडा. दोन्ही खोडा. तो बघा, डूगल चढ चढून येतोय. दुर्बीण फिरवा – गवताकडं नाही हो, वर, कड्याकडं! गरुड बघायला आलात तुम्ही. दिसला नाही. निघालात.

गेट लावून घ्या.