हलू नका, भावोजी

—नाही, अजून हलायचं नाही! पडून राहा गपचूप त्या एमआरआयच्या बोगद्यात, मी काचेतून बघतेय तुम्हाला. आवाज थांबलाय म्हणून माइकवरून बोलतेय. मशीनवर मेहुणीच आहे म्हटल्यावर बरं वाटलं असेल ना? घरचंच माणूस!

खेळ मात्र झकास खेळलात हां. हिरवा गोल दिसला की बटण दाबायचं, लाल दिसला की बोट आवरायचं. चुकलात बरेचदा — चालतंय, चुकायलाच तर आलात. रिपोर्ट घ्यायचा नि ताईसमोर धरायचा — बघ, माझा मेंदूच असा, हात सुटतो तो माझ्या हातात नाही, चल घरी. आणि ती येडी निघेलही! मनगट प्लास्टरमध्ये घालून माझ्याकडे येऊन राहिलीय, आणि काल मलाच सांगते, त्यांच्या हातात नाही गं ते. मग कुणाच्या हातात आहे? माझ्या?

आमचे डॉक्टर म्हणतात, उतावळ्या माणसाला स्वतःला आवरताना मेंदूचा पुढचा भाग जास्त राबवावा लागतो. राबवावा लागतो, भावोजी! राबतच नाही असं नाही म्हणाले ते. साहेबाने चारचौघांत तुमची अक्कल काढली तेव्हा बरा राबला — मान खाली, हो सर, हो सर! आणि ताईला दार उघडायला जरा उशीर झाला, तर लगेच बंद पडला?

आत्ताचंच बघा ना. मघाशी नाकाला खाज सुटली होती ना? कॅमेऱ्यात दिसतं सगळं. नाक आक्रसलंत, डोळ्यांत पाणी आलं — पण हात? जागचा हलला नाही. का, तर रिपोर्ट बिघडेल! म्हणजे येतं की आवरायला, मेल्या— जाऊ दे.

अहो, हातातला तो रबरी फुगा सारखा दाबू नका, घंटा ऐकू येतेय मला. घाबरलेल्या पेशंटसाठी असतो तो. ताई कडी लावून न्हाणीघरात बसायची, तेव्हा तिच्या हातात होता का असला फुगा? काय? मुद्दाम? हो, मुद्दामच! तपासणी कधीच संपलीय. असं कुणाला आत ठेवायचं नसतं, नोकरी जाईल माझी, कळतंय. कळतंय, पण वळत नाहीये. माझ्याही मेंदूचा फोटो काढा एकदा.

ताईला बोलवू? तुम्हीच हट्टाने आणलंत ना तिला, स्वतःच्या डोळ्यांनी बघ म्हणून? बघितलं तिने. इथेच होती, माझ्या शेजारी. ते नाक तिनेच दाखवलं मला. म्हणाली, अगं, हात हलला नाही बघ त्यांचा. आत्ता उठून गेली. नाही, तुमच्या घरी नाही.

या बाहेर. चपला दाराशी आहेत.